अडीच किलोचा कडता

दादा, तू लबाड होतास. तुझ्या तेराव्याला, तुझ्याच अंगणात, तुझ्याच फोटोसमोर मला हे कळावं याचा इतका राग आला की हातातला ताकाचा पेला मी दाणकन खाली आपटला. आणि मग हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. वहिनी आतून धावत आल्या. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर परिणाम झाला बाईच्या. धाकटी ना, लय जीव होता भावावर." मला कुणाला काही सांगता येईना. समोर गफूरभाई टोपी हातात धरून, मान खाली घालून बसले होते.

तुझे जोडीदार तेच. तीस वर्षं तुम्ही दोघं मानवतच्या मोंढ्यात, त्या धान्यबाजारात, एकाच आडतीच्या दुकानावर मापाडी. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर घ्यायचं आणि वजन मोठ्यानं पुकारायचं. गफूरभाई म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाची शपथ मोडायलोय, अल्ला माफ करो. पण पोटात ठेववंना. दादा तुमाला वजन खरं सांगत नव्हते. कडता कापून सांगायचे."

कडता! तू! अरे, मी वर्गात पोरांना तुझं उदाहरण द्यायचे. पोत्याचं वजन, माती, ओलावा अशी कारणं काढून शेतकऱ्याच्या मालातलं वजन कमी धरतात त्याला कडता म्हणतात, आणि माझा भाऊ आपल्या काट्यावर तो कापू देत नाही, असं छाती फुगवून सांगायचे. एखादा व्यापारी "किलोभर कमी पुकार" म्हणाला तर तू सरळ काट्यावरून बाजूला व्हायचास, "घ्या, तुमीच तोला" म्हणायचास. सबंध आयुष्यात एका पोत्याचा कडता कापला नाहीस. आणि कापलास तो सख्ख्या बहिणीच्या अंगातून, तोही अडीच किलो!

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "मॅडम, गुडघे एकीचे आहेत, भार दोघींचा आहे. दहा किलो तरी उतरवा, नाहीतर ऑपरेशनची तयारी ठेवा." मी वालूरला हायस्कूलवर विज्ञान शिकवते, सबंध जन्म फळ्यापाशी उभं राहून गेला. खुर्चीत बसून शिकवणारी बाई मला व्हायचं नव्हतं. आणि उतरवायचं तर आधी तीनदा उतरवून झालं होतं. एकदा काढा पिऊन, एकदा पावडर खाऊन, एकदा नुसत्या फळांवर. दर वेळी गेलेलं वजन परत आलं आणि येताना सोबत पाहुणे घेऊन आलं.

त्या रविवारी तुझ्याकडे जेवायला बसले होते. जेवण खाली, पंगतीत, हा तुझा हट्ट. बसायचं जमायचं मला, उठायचं नाही. मग तू दर वेळी हात पुढे करायचास आणि म्हणायचास, "चला, पोतं उचला." मी चिडायचे, वहिनी तुझ्यावर डोळे वटारायच्या, पण तुझा हात धरल्याशिवाय मला उठता येत नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं. त्या दिवशी उठल्यावर मी रडलेच. तू हात सोडला नाहीस. मग म्हणालास, "सुमे, शनिवारी शाळा सकाळची असती ना? उतरलीस की मोंढ्यात ये. माझ्या काट्यावर."

"घरात आहे की काटा माझा."

"त्यो दे माझ्याकडं. दोन काट्यांवर तोललेला माल भांडणं लावतो. दोन काटे कधी जुळत नसतेत."

आणि खरंच तू माझ्या घरी येऊन लेकाने पाठवलेला काटा पिशवीत घालून घेऊन गेलास. आता कळतंय का नेलास ते!

पहिल्या शनिवारची आठवण आली की अजून कान तापतात. सोयाबीनचे दिवस, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी शाळेच्या साडीत, हातात पर्स. तू म्हणालास, "चपला काढ, बारदाना येगळा. रिकाम्या पोत्याचं वजन मालात धरत न्हाईत." मी म्हटलं, मला आकडा बघायचा नाही, मी पाठ करून उभी राहते, तू सांग. मी लाल आकड्यांकडे पाठ फिरवली, वर डोळेही मिटले. आणि तू कानात सांगायचं सोडून मोंढ्याच्या आवाजात पुकारलंस, "लाभ! चौऱ्याण्णव!" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तुमची रीत. पण तिथे शंभर माणसं होती रे. एक म्हातारा शेतकरी पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "काय भाव निघाला म्हणायचा?" तू मागेही न बघता म्हणालास, "ह्या मालाचा लिलाव न्हाई, मामा. तुमचं पोतं सरकवा." सगळा मोंढा हसला. मीही हसले. खरं सांगते, आधीच्या तीन वेळा जे जमलं नाही ते या वेळी जमलं, त्याची सुरुवात त्या हसण्यात झाली. लाज तिथेच गळून पडली.

मग आपली भांडणं सुरू झाली. मी तुला फळ्यावर मांडतात तसं समजावलं, की खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि अंगाने खर्च केलेली ऊर्जा यातला जो फरक उरतो तो चरबी होऊन साठतो. तू विडा लावता लावता म्हणालास, "म्हंजे आवक आन् उठाव. आवक जादा, उठाव कमी, तर गोदाम भरणार. हे गफूरच्या बकरीला बी ठाव हाय." वीस वर्षं मी जे एका तासात शिकवत होते ते तू एका वाक्यात आटपलंस, आणि वर बकरी!

मी वहीत सगळं खाणं लिहायचे. दीड भाकरी, वाटीभर वरण, भाजी. तुला दाखवलं तर तू वकिलासारखा उलटतपासणीला बसलास. शाळेतला चहा? चार कप, साखरेचा. चटणीवरचं तेल? ते कोण लिहितं. भाजी करताना चव घेतली ती? दुपारी डब्यातले शेंगदाणे? "मूठभर," मी म्हटलं. "कुणाची मूठ?" तू विचारलंस. आणि गफूरभाईंना हाक मारून माझी मूठ काट्यावर तोलायला निघालास. "अगं, मागच्या दारानं येणारा माल आवकेत धरायचाच न्हाई व्हय? मग गोदाम कसं भरलं म्हणून रडतीस कशाला?"

मीही सोडलं नाही. "तू पाच भाकरी खातोस आणि काडी. मी दीड खाते आणि पोतं. हा कुठला न्याय?" तेव्हा तू मला एक दिवस बघायला लावलंस. सुट्टीचा दिवस होता, मी आडतीवर खुर्ची टाकून बसले आणि तुला बघत राहिले. तू बसलाच नाहीस. पोतं सरकवायला वाक, काट्याकडे जा, सांडलेले दाणे पायानेच गोळा कर, कुणाला हाक मारायला पार दरवाजापर्यंत चालत जा. बोलतानासुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर. संध्याकाळी तू विचारलंस, "काय बघितलं?" मी म्हटलं, "तुझ्या अंगात किडे आहेत." पण दुसऱ्या दिवसापासून मी एसटी एक थांबा आधी सोडायला लागले. हे तुला सांगितलं नव्हतं. तुला कंडक्टरकडून कळलं होतं, ते मला वहिनींकडून कळलं.

लाभ, दोन, तीन, चार... तू शनिवार मोजत गेलास आणि आकडा उतरत गेला. दहाव्या शनिवारी तू पुकारलंस, "अठ्ठ्याऐंशी!" म्हणजे सहा किलो गेले! तू आत गेलास, ज्वारीची एक पिशवी घेऊन आलास आणि माझ्या खांद्यावर टाकलीस. "हे तुझ्या अंगातनं गेलं. ह्ये घिऊन दोन चकरा मार." मी मारल्या. मग म्हणालास, "आता खाली ठेव. कसं वाटतंय?" पिशवी ठेवली आणि खांदा एकदम हलका झाला. हे ओझं मी वर्षानुवर्षं गुडघ्यांवर वागवत होते, हे कुठल्या पुस्तकाने मला कधी असं कळवलं नव्हतं. मला भरून आलं. तू म्हणालास, "ने घरला, दळून खा."

आणि तिथेच सगळा घोळ झाला. मी पिशवी काशिनाथअप्पांच्या गिरणीत नेली. अप्पांनी तोलली आणि म्हणाले, "साडेतीन किलो." मी म्हटलं, अप्पा, सहा किलो आहे. ते म्हणाले, बाई, साडेतीन. मी म्हटलं, माझ्या भावाने भरलीय, तो मापाडी आहे, तुमचा काटा चोर आहे! रांगेतल्या बायकांसमोर मी त्या म्हाताऱ्या माणसाला असं झाडलं की विचारू नको. अडीच किलोसाठी! तुला येऊन सांगितलं तर तू आधी पांढरा पडलास, मग हसायला लागलास, मग ठसका लागून बाहेरच गेलास. मला वाटलं माझ्या भांडकुदळपणाला हसतोयस.

पुढचे सात शनिवार मी कधी विसरणार नाही. अठ्ठ्याऐंशी. परत अठ्ठ्याऐंशी. संक्रांत आली, मी तिळगूळ नुसता हातात घेऊन परत ठेवला, तरी अठ्ठ्याऐंशी. सहाव्या शनिवारी मी रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडले. म्हटलं, बस झालं, माझंच हाडमांस माझं वैरी आहे, मी ऑपरेशन करून घेते. तू शेजारी बसलास. तू बसलास, यावरूनच मला कळायला हवं होतं की काहीतरी शिजतंय.

तू म्हणालास, "सुमे, मोंढ्यात आवक घटली की व्यापारी काय करतो?"

"काय करतो?"

"माल दाबून धरतो. पुढं मिळंल न मिळंल म्हणून. तुझं अंग बी व्यापारीच हाय. तू आवक कमी केलीस, त्येनं शटर खाली वढलं. जरा दम धर. त्येला पटू दे की दुष्काळ न्हाई पडलेला."

मी तुझ्यावर खेकसले. म्हटलं, शास्त्रात असं काही नसतं, वजाबाकी म्हणजे वजाबाकी, अंगाला काय अक्कल असते का? तू म्हणालास, "तुझ्यापरीस जास्त हाय." मी पर्स उचलून तडक निघाले. पण पुढच्या शनिवारी आले. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तू पुकारलंस, "सत्त्याऐंशी पाचशे!" आणि गफूरभाईंनी काट्याभोवती एक नाचाची गिरकी घेतली.

आता जे सांगायचं राहिलं ते. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेत आरोग्य तपासणीला एक आहारतज्ज्ञ मुलगी आली होती. मी सहज तिला विचारलं, मध्येच वजन अडतं का हो? ती म्हणाली, "अडतं ना मॅडम. खाणं कमी झालं की शरीर खर्च आवरतं. माणूस नकळत कमी हलतो, भूक वाढते. शरीराला आपला साठा जपायचा असतो." मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, मेले, दादा जिंकला. येत्या शनिवारी सांगू. पण शनिवारी तू काहीतरी खोडी काढलीस आणि मी म्हटलं, नाही सांगत जा, आधीच शेफारलाय. मग त्याच्या पुढचा शनिवार. मग आंबे आले, रसाच्या वाटीवरून नवं भांडण निघालं. तू "त्र्याऐंशी" पुकारलंस तो शनिवार आला. आणि त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी तू आडतीवर चहाची बशी हातात घेतलीस, आणि ती तशीच राहिली. पाच भाकरी खाणारा, कधी न बसणारा माझा काटकुळा भाऊ गेला, आणि डॉक्टर ज्या बाईची काळजी करत होते ती राहिली. याचा हिशेब मला कुठल्याच फळ्यावर मांडता येत नाही. खूप रडले दादा. अजून रडते.

तर तेराव्याला गफूरभाईंनी सांगितलं ते असं. तिसऱ्या शनिवारी माझं वजन उतरायच्या ऐवजी वर गेलं होतं. तू काट्याकडे बघितलंस, माझ्या पाठीकडे बघितलंस, आणि गफूरभाईंना हळूच म्हणालास, "हे आयकलं तर ही उद्यापासनं येणार न्हाई." आणि कमी पुकारलंस. पुढे आणखी थोडं कमी. दहाव्या शनिवारी खरा काटा होता साडेनव्वदवर आणि तू पुकारलंस अठ्ठ्याऐंशी. पण पिशवी भरताना मात्र तुझा हात खोटं बोलेना. तोंडाने खोटं सांगशील, पण धान्य कमीजास्त तोलायचं तुझ्याच्याने होईना. पिशवीत बरोब्बर साडेतीन किलो भरलेस, जेवढे खरे गेले होते तेवढेच!

आणि ते सात शनिवार? गफूरभाई म्हणाले, "बाई, तवा तर तुमी सगळ्यात भारी उतरायल्या होत्या. दर हप्त्याला पावशेर, अर्धा किलो. दादा त्यो कडता माघारी देत होते. खरं आन् पुकारलेलं एक हुईपर्यंत आकडा हलू देत नव्हते. म्हणायचे, आता हिला चालायची सवय लागलीय, आता ही सोडणार न्हाई."

म्हणजे ज्या सात शनिवारी मी रडले, त्या सातही शनिवारी मी उतरत होते! आणि तो शटरवाला व्यापारी तू माझी समजूत घालायला पोत्यांच्या ढिगावर बसून जागच्या जागी रचलास. आणि वर तो खराही निघाला! आता बोल, यावर हसू नको तर काय करू मी?

काल शनिवार होता. मी मोंढ्यात गेले. गफूरभाईंनी विचारलं, "कितवा म्हणू, बाई?" मी म्हटलं, "लाभ म्हणा." चपला काढल्या आणि पहिल्यांदाच काट्याकडे तोंड करून उभी राहिले, डोळे उघडे ठेवून. चौऱ्याऐंशी सहाशे. तू शेवटी पुकारलंस त्याच्यापेक्षा सोळाशे ग्रॅम जास्त. तेरा दिवस शेजारणींनी आणलेले डबे, वर रडून रडून एका जागी बसणं, दुसरं काय होणार! मी म्हटलं, "गफूरभाई, दादासारखा थोडा कडता कापता का?" ते म्हणाले, "न्हाई बाई. त्यो हक्क एकट्या दादाचाच होता." आणि मोंढ्याच्या आवाजात खरा आकडा पुकारला.

मग मी त्यांच्याकडून चौऱ्याण्णवातून जेवढे गेले तेवढी ज्वारी भरून घेतली. नऊ किलो चारशे. खांद्यावर टाकली आणि चालत काशिनाथअप्पांच्या गिरणीत गेले. वाटेत दोनदा टेकवली, पण नेली. अप्पांना म्हटलं, "अप्पा, तुमचा काटा खरा होता. माझं चुकलं." अप्पा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून बघत राहिले. म्हणाले, "तुमचे दादा दुसऱ्याच दिवशी येऊन गेले होते. मला म्हणाले, काटा तुमचा खरा हाय अप्पा, माझ्या बहिणीचं मनावर घेऊ नका. खरं कळलं की ती आपल्या पायांनी येईल, लय मानी हाय पण येईल. तवापासून वाट बघायलोय बाई." आणि पिशवी तोलली. "नऊ किलो चारशे."

जुळले दादा. दोन काटे जुळले.

पीठ घेऊन तडक तुझ्याकडे गेले. वहिनींनी गरम भाकरी थापल्या, मी खाली पंगतीच्या जागेवर बसले, दीड खाल्ली, चटणीवरचं तेलसुद्धा मोजलं. वहिनी खूप दिवसांनी पोटभर जेवल्या. उठायची वेळ आली तेव्हा सवयीने माझा हात वर गेला. वर कुणी नव्हतं. वहिनी लगबगीने पुढे आल्या, मी त्यांना थांबा म्हटलं. आणि म्हटलं, दादा, शास्त्रात तसं असतं. अंगाला अक्कल असते. तू खरा होतास.

मग हात खाली घेतला आणि कशालाही न धरता उठले.